पाण्यावर उभं काही नसतं

मालवणच्या समुद्रात आम्ही दोघी चाळीस मिनिटं तरंगत होतो, आणि त्यातली निदान पंचवीस मिनिटं आमची बोट आम्हाला दिसत होती. बोटीवरची माणसं उभी राहून चहूकडे बघत होती. एकाने तर डोळ्यांवर हात धरून थेट आमच्याच दिशेने पाहिलं. आम्ही ओरडलो, हात हलवले, शिट्टी फुंकली. त्याची मान हळूहळू दुसरीकडे वळली. ती वळणारी मान मला अजून झोपेत दिसते.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्याची. घरची मासेमारी, आम्ही ढीवर. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, नवं गाव काठावर वसलं. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा माझे बाबा आणि मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, डोंग्याने लोक काढत होते आणि मी काठावर दोर धरून उभी होते. त्या वर्षी मी शोध व बचाव पथकात नाव दिलं. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून मिळणाऱ्या मानधनातून पैसे साठवून पुढे मालवणला जाऊन स्कूबाचा पहिला कोर्स केला. त्या कोर्सने अठरा मीटरपर्यंत जाता येतं. पाणी मला नवं नव्हतं. समुद्र मात्र नवा होता, आणि ते मला पुढच्या हिवाळ्यात कळलं.

माझ्यासोबत नागपूरची एक नर्स ताई होती, कोर्सात भेटलेली. पाणी त्या दिवशी गढूळ होतं. पुढे पोहणारा मार्गदर्शक एका खडकाआड गेला आणि नंतर दिसलाच नाही. शिकवलेलं होतं तसं आम्ही एक मिनिट शोधलं, मग सावकाश वर आलो. वर आलो तर बोट भलतीकडेच. खाली असताना ओढीने आम्हाला किती वाहून नेलं याचा पत्ताच लागला नव्हता. लाटा फार मोठ्या नव्हत्या, मीटरभर असतील. पण पाण्यात मान तेवढी वर असलेल्या माणसाला मीटरभर लाट म्हणजे भिंतच. लाटेच्या माथ्यावर असताना बोट दिसायची, खोलात गेलं की फक्त पाणी. बोटीवरच्यांनाही आम्ही तसेच दिसत असणार, क्षणभर, आणि तोही क्षण नेमका त्यांनी आमच्याकडे पाहिलं तर.

शिट्टी आमच्या जाकिटाला लावलेली होती, ती आम्ही जीव खाऊन वाजवली. बोटीचं इंजिन चालू होतं. इंजिनाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला तीनेकशे मीटरवरची शिट्टी ऐकू जात नाही. शेवटी ताईने पायातला पिवळा फिन काढला, हातात उभा धरला आणि डोक्यावर जोरजोराने हलवायला लागली. तो आमच्या बोटीला दिसला नाही. दुसऱ्याच बाजूने येणाऱ्या एका मच्छीमाराला दिसला. त्याने आम्हाला वर ओढलं आणि म्हणाला, "तुमचो आवाज नाय इलो. पिवळा कायतरी हलताना दिसला."

किनाऱ्यावर आल्यावर डायव्ह नेणाऱ्यांनी मनापासून माफी मागितली. मी विचारलं, खुणेसाठी काही साधन नाही का? आहे ना, म्हणाले, आणि बोटीतल्या पेटीतून नारिंगी रंगाची गुंडाळी काढून दाखवली. एसएमबी. हवा भरली की माणसाएवढा उंच नारिंगी खांब पाण्यावर उभा राहतो. ती गुंडाळी चाळीस मिनिटं बोटीत होती आणि आम्ही पाण्यात. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की खुणेचं साधन बोटीत असणं आणि नसणं सारखंच. ते ज्याला हरवायचं आहे त्याच्या अंगावर हवं, आणि जोडीतल्या दोघांच्याही अंगावर हवं.

गावी परत येताना रेल्वेत मी हिशेब केला. डोळे पाण्यापासून वीतभर वर असतील तर क्षितिज साधारण पावणेदोन किलोमीटरवर येतं. डोंग्यात किंवा बोटीत उभ्या माणसाचे डोळे दोन मीटर वर धरले तर त्याला पाच किलोमीटरपर्यंतचं पाणी दिसतं. म्हणजे नजर पोचते, पण त्या पाण्यात नारळाएवढं डोकं वेगळं ओळखू येत नाही. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन जोडपं डायव्हिंगला गेलं. बोटीवर परतलेल्यांची मोजणी चुकली आणि ते दोघं मागेच राहिले. ते नसल्याचं लक्षात यायला दोन दिवस लागले, आणि ते कधीच सापडले नाहीत. २००६ मध्ये न्यूझीलंडचे रॉबर्ट हेविट, जे पूर्वी नौदलात पाणबुडे होते, जवळपास तीन दिवस तरंगत राहिले आणि वाचले. २०१४ मध्ये बालीजवळ सात जपानी बाया वाहून गेल्या, त्यातल्या पाचच वाचल्या. हे सगळे पोहता येणारे, शिकलेले लोक होते.

पुढच्या दोन महिन्यांत मी माझं स्वतःचं सामान घेतलं. एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबीची नारिंगी एसएमबी, तीस मीटर दोरीची फिरकी, आतल्या गोळीशिवायची शिट्टी (गोळीची शिट्टी ओली झाली की गोळी अडकते), डोक्याएवढ्या उंचीवर बांधता येणारा लुकलुकता दिवा, आणि पाण्याला दाद न देणारी टॉर्च. आरसा तेवढा राहिला. आलेल्या सामानाकडे मोठ्या बाबांनी बराच वेळ पाहिलं, नारिंगी कापड बोटांनी चोळून पाहिलं आणि विचारलं, "ही खोळ पान्यात कशी भरतेत?"

ते मलाही नीट माहीत नव्हतं. पुस्तकात वाचलेलं होतं. गढूळ, बुडालेल्या झाडांनी भरलेल्या धरणात सिलिंडर लावून ते शिकणं म्हणजे मरण ओढवून घेणं. म्हणून आम्ही मामाजींच्या शेतातली विहीर ठरवली. बांधीव विहीर, डिसेंबरात वीस-बावीस फूट पाणी, आणि इतकं निर्मळ की तळातली पडलेली बादली दिसते. नागपूरचे एक प्रशिक्षक दोन सिलिंडर घेऊन आले. मामाजींनी सकाळीच मोटार बंद केली, वर फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि दिवसभर तो खिसा हाताने चाचपत राहिले. पथकातले दोघे कठड्यावर दोर घेऊन बसले. मी पाण्यात उतरण्याआधी प्रशिक्षकांनी दोन किलोची शिसं माझ्या पट्ट्यातून काढली, कारण गोड्या पाण्यात समुद्राइतकं वजन लागत नाही.

पाच मीटरवर गेले. तिथे करायचं असतं ते असं: खोळ उलगडायची, तिचं तोंड खाली धरायचं, फिरकीची दोरी तिला आधीच बांधलेली असते, फिरकी एका हातात सैल धरायची आणि तोंडातून सोडलेली हवा खोळीच्या तोंडात जाऊ द्यायची. पूर्ण भरायची नाही. पाच मीटरवर पाण्याचा दाब जमिनीच्या दीडपट असतो, म्हणजे तिथली दोन तांबे हवा वर पोचेपर्यंत तीन तांबे होते. दहा मीटरवरून सोडली तर दुप्पट होते. म्हणजे तिथे अर्धी भरली तरी वर जाईपर्यंत टच्च फुगते.

पहिल्या वेळी मी घाईत खूप हवा भरली. खोळ एकदम वर सुटली आणि फिरकीवर दोरीचा एक फास माझ्या अंगठ्याखाली दबला होता तो अडकला. मीच वर ओढली जायला लागले. अर्धाच सेकंद, पण तेवढ्यात मी मीटरभर वर आले होते आणि भीतीने श्वास रोखून धरला होता. पाण्यातली सगळ्यात वाईट चूक हीच. वर येताना छातीतली हवाही फुगते, आणि श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकतं. फिरकी सोडून द्यायची हे मला तोंडपाठ होतं. हाताला माहीत नव्हतं. प्रशिक्षकांनी माझी बोटं धरून उघडली. फिरकी वर गेली आणि मी खाली राहिले. मी श्वास सोडला, बुडबुडे भिंतीला घासत वर गेले.

त्यानंतर आठ वेळा केलं. फिरकी कधीही जाकिटाला बांधायची नाही, हुक लावायचा नाही. दोरी सोडताना नजर वरच ठेवायची. खोळ सोडण्याआधी जोडीदाराला हाताने खूण करायची. आठव्या वेळी नारिंगी खोळ बाणासारखी पाण्याबाहेर उसळली आणि विहिरीच्या कपारीतले सगळे पारवे एकदम फडफडत वर उडाले. खालून, पाण्याच्या आरशातून, मला ते ठिपके वर्तुळात फिरताना दिसले आणि त्यांच्यामध्ये सरळ उभा नारिंगी खांब.

खरी परीक्षा मात्र धरणावर घ्यायची होती, आणि ती मोठ्या बाबांच्या डोळ्यांनी. पंचेचाळीस वर्षं पाण्यावर नजर ठेवलेला माणूस. पौषातली स्वच्छ सकाळ होती, वारा नव्हता. मी लाइफ जॅकेट घालून पाण्यात, शेजारी चुलतभावाचा एक डोंगा सुरक्षेसाठी पण आडोशाला, आणि मोठे बाबा दुसऱ्या डोंग्यातून दूर दूर जात होते. अंतर मोबाइलवर मोजायचं. ठरलं होतं की मी दिसेनाशी झाले की त्यांनी काठी वर धरायची.

अडीचशे मीटरवर काठी वर आली. मला वाटलं होतं किमान अर्धा किलोमीटर तरी. शांत पाणी, लाट नाही, पाहणाऱ्याला मी कुठे आहे ते माहीत, तरीही अडीचशे मीटर. परत आल्यावर ते म्हणाले, "तुया डोसका मले जाळ्याचा डबाच वाटला. एकदा डबा वाटला का मंग नजर तिथं थांबतच नाई." आमच्याकडे जाळ्याला थर्माकोलचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या बांधतात. पाण्यावर अशा शंभर गोष्टी तरंगत असतात, पाणकावळ्याची मान असते, जलपर्णीचे पुंजके असतात. नजर त्या सगळ्यांवरून घसरायला शिकलेली असते. मालवणच्या त्या माणसाची मान का वळली ते मला तेव्हा समजलं. त्याचं मी मनातून वाईट चिंतत होते, ते त्या सकाळी संपलं.

मग खोळ उभी केली. तोंडाने फुंकून भरली, तळाशी दोरी ओढून धरली म्हणजे ती ताठ उभी राहते. सोडून दिली तर आडवी पडते आणि आडवी पडली की निम्मा उपयोग गेला. मोठे बाबा अंतर वाढवत गेले. पाचशे मीटर. आठशे. अकराशे. काठी वर आली नाही. बाराशेच्या पुढे बुडालेल्या सागाच्या खोडांची रांग सुरू होते, तिथे ते थांबले आणि काठी वर केली. मला वाटलं एवढंच दिसतं. पण त्यांनी सांगितलं ते वेगळंच. खोळ अजून दिसत होती, पण खोडांच्या रांगेत नजर गेल्यावर तेही एक खोडच वाटायला लागलं.

"पान्यावर सारं आडवं रायते," ते म्हणाले. "उभं काई रायत नाई. म्हून उभं दिसलं का मानूस थांबते. पन आपल्या धरनात झाडं उभी हायेत. इथं उभं असून चालत नाई, ते हाललं पायजे."

दुसऱ्या फेरीत मी खोळ खालून धरून डावी-उजवी हलवली. खोडांच्या मागे गेलेल्या मोठ्या बाबांनी लगेच हात वर केला. समुद्रात उभी झाडं नसतात, तिथे नुसता उभा खांबही बोलतो. पण आमच्या पथकाच्या कामासाठी हे वाक्य मी पुरानंतरच्या सरावाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: हलवा.

आरसा राहिला होता. आमच्या शिवारात पाखरं हाकलायला तुरीच्या, ज्वारीच्या वावरात जुन्या सीडी बांधतात. मोठ्या आईने सांडगे वाळवायच्या खाटेवरची एक सोडून दिली. सीडीला मधे भोक असतं, आणि खुणेच्या खऱ्या आरशालाही मधे भोकच असतं. एक डोळा भोकाला लावायचा, दुसरा हात पुढे करून दोन बोटांच्या बेचक्यात समोरची बोट धरायची आणि सूर्याचा कवडसा त्या बेचक्यावर पाडायचा. कवडसा बोटांवर दिसला की तो बोटीवरही पोचला. मी काठावर उभं राहून केलं, मोठे बाबा पाण्यावर तीन किलोमीटर लांब होते. त्यांनी फोन केला, "कोन आरसा मारून रायलं? डोरे दिपले." पहिल्या अर्ध्या मिनिटात. त्यात बॅटरी लागत नाही, काही लागत नाही, फक्त ऊन लागतं. ऊन आपल्या मुलखात कमी नाही. अर्थात पाण्यात डोलत असताना ते करणं काठावरच्यापेक्षा कितीतरी कठीण, तेही मी करून पाहिलं, पाचातला एक कवडसा लागला. पण लागला तो दिसला. काचेपेक्षा प्लास्टिकचा आरसा बरा, फुटत नाही, आणि दोरीने गळ्यात नाहीतर खिशाच्या आत बांधलेला हवा. हातातून सुटला की गेला.

रात्रीच्या चाचणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लुकलुकता दिवा फार लांबून दिसतो. टॉर्च सरळ बोटीकडे रोखण्यापेक्षा आतून फुगलेल्या खोळीवर मारली की सगळी खोळ कंदिलासारखी उजळते. ते मला कुणी शिकवलं नव्हतं, चुलतभावाने सहज करून पाहिलं.

एका साधनाची चाचणी घेता येत नाही, आणि ते सगळ्यात मोठं आहे. पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. प्रशिक्षकांकडे एक होतं, मोबाइलपेक्षा जाड, बाजूला गुंडाळलेली स्टीलची पट्टी म्हणजे अँटेना. ते ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारतं. ही कॉस्पास-सारसॅट नावाची व्यवस्था कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी मिळून उभारली, आणि तिच्यामुळे पहिली माणसं वाचली ती सप्टेंबर १९८२ मध्ये. आपल्या देशात हे संदेश इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्राकडे येतात आणि तिथून समुद्रातल्या शोधासाठी तटरक्षक दलाकडे जातात. प्रत्येक यंत्राचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि तो आपल्या नावावर, घरच्यांच्या फोनवर नोंदवलेला नसेल तर हाक कुणाची हे समजायला वेळ जातो. खरं बटण चाचणीसाठी कधीच दाबायचं नाही, कारण पलीकडे खरी माणसं खरी बोट काढतात. चाचणीचं वेगळं बटण असतं, ते प्रशिक्षकांनी दाबलं, दिवा लुकलुकला. साध्या पीएलबी काही मीटरपर्यंतच पाणी सोसतात, म्हणून पाणबुडे त्या दाब सोसणाऱ्या डबीत घालून नेतात. ते पाण्याखालून बोलत नाही, वर येऊन अँटेना आकाशाकडे धरावी लागते. पीएलबी माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. पण कोकणात जाऊन समुद्रात उतरणाऱ्या ज्याला परवडतं त्याने ते घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. शिट्टी आणि खोळ जवळच्या माणसाला हाक मारतात. जवळ कुणीच नसेल तर दुसरा मार्ग नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाकडे लिहून दिलेला असावा, आणि आपण किती वाजता परतणार तेही.

फेब्रुवारीत मी आणि ताई परत मालवणला गेलो. बोट दुसरी होती. निघण्याआधी मी तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, माझी खोळ उलगडून दाखवली आणि म्हटलं, हे दिसलं म्हणजे आम्ही, आणि हलताना दिसलं तर आम्ही अडचणीत. त्याने ती हातात घेऊन पाहिली आणि मोजणीच्या वहीत आमच्या नावापुढे 'नारिंगी' असं लिहिलं. पाच मीटरवर थांबून मी खोळ सोडली. अंगठा मोकळा होता, नजर वर होती. दोरी सरसर सुटली, मग एकदम सैल पडली, म्हणजे खोळ वर उभी राहिली. आम्ही तीन मिनिटं तिथेच थांबलो. डोकं पाण्याबाहेर काढलं तेव्हा बोट वळलेली होती आणि नाक आमच्याकडे करून येत होती.

संध्याकाळी मोठ्या बाबांना फोन केला. त्यांनी समुद्राचं काही विचारलं नाही. किती लांबून दिसली एवढंच विचारलं. तांडेल म्हणाला, अर्ध्या मैलावरून. "हाव," ते म्हणाले, आणि थोडं थांबून म्हणाले, "येताना तसलीच एक लहान आन माह्यासाठी. डोंग्यात ठेवतो. दुपारी मी खोलात एकटाच असतो."